सौरदीप तेवत राहावा म्हणून

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय दिसायला लहान आहे. छपरावरची एक काचेची पाटी, भिंतीवरची एक छोटी पेटी, कोपऱ्यात ठेवलेली एक बॅटरी आणि चार-पाच दिवे, एवढाच त्याचा पसारा. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील अरण्यात वसलेल्या वस्त्यांमध्ये या लहानशा संचावर बरेच काही अवलंबून असते. रात्री अंगणात पाय ठेवताना साप दिसणे, बाळंतिणीच्या खोलीत उजेड असणे, मुलांचा अभ्यास होणे आणि पुराच्या दिवसांत मोबाईल फोन सुरू राहणे, या सर्व गोष्टी त्या कोपऱ्यातील बॅटरीशी निगडित आहेत.

आपल्या भागाची स्थिती मोठी विलक्षण आहे. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे १९८३ पासून औष्णिक वीज निर्माण होत आहे आणि आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथील वीज दूरदूरच्या शहरांना आणि कारखान्यांना जाते. त्याच वेळी भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांतील काही टोल्यांना आणि जिवती परिसरातील माणिकगड डोंगरावरच्या काही कोलाम गुड्यांना घरच्या उजेडासाठी सूर्यावर विसंबावे लागते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. दाट जंगल, नद्या-नाले आणि विरळ वस्ती यांतून विजेचे खांब नेणे खर्चाचे आणि वेळेचे काम आहे. जेथे खांब पोचले आहेत, तेथेही वादळात झाड कोसळून तार तुटली की दुरुस्तीला दिवस लागतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तर आपण दर पावसाळ्यात अनुभवतो.

या अडचणीवर उपाय म्हणून शासनाने सौरसंचांचा मार्ग स्वीकारला. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉट क्षमतेचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग असा संच देण्याची तरतूद होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानातही विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या वीज न पोचलेल्या घरांसाठी ०.३ किलोवॅटच्या सौरसंचाची तरतूद आहे. आपल्याकडील माडिया गोंड आणि कोलाम हे दोन्ही समाज या समूहांत मोडतात.

येथेच आजच्या विषयाचे महत्त्व आहे. सौभाग्य योजनेतील संचांची देखभाल-दुरुस्ती ५ वर्षांसाठी होती आणि ती योजना मार्च २०२२ मध्ये संपली. ज्या घरांना २०१८ किंवा २०१९ साली संच मिळाला, त्यांची मुदत आता उलटून गेली आहे. पॅनेल २० ते २५ वर्षे टिकते. शिशाची बॅटरी मात्र चांगली निगा राखली तरच ५ वर्षांच्या पुढे जाते आणि हेळसांड झाली तर दीड-दोन वर्षांतच संपते. म्हणजे छपरावर धडधाकट पाटी आणि घरात अंधार, अशी स्थिती होऊ शकते. ती टाळणे हे मुख्यत्वे आपल्या हातात आहे.

संच काम कसा करतो

१८५९ साली फ्रान्समधील गास्ताँ प्लांते या शास्त्रज्ञाने पुन्हा पुन्हा भारित करता येणारी शिशाची बॅटरी तयार केली. आज आपल्या घरांतील बहुसंख्य बॅटऱ्या त्याच तत्त्वावर चालतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २ व्होल्टचा असतो. कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. दिवा लागला की आम्लातील काही भाग पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटच्या रूपाने बसतो. ऊन पडून बॅटरी भरू लागली की तो थर पुन्हा विरघळतो.

हा थर वेळेवर विरघळला नाही, तर मात्र तो कठीण होत जातो. मडक्याच्या आतून क्षाराचा थर बसावा आणि मग तो घासूनही निघू नये, तसेच पट्ट्यांचे होते. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून बॅटरी फार रिकामी करणे आणि रिकामी झालेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच ठेवणे, ही तिच्या मरणाची दोन मुख्य कारणे आहेत.

भिंतीवरची पेटी, म्हणजे चार्ज कंट्रोलर, हा या बॅटरीचा राखणदार आहे. बॅटरी भरली की तो पॅनेलकडून येणारा प्रवाह आवरतो आणि बॅटरी फार उतरली की दिवे बंद करतो. पुष्कळ घरांत लाल दिवा लागून उजेड गेला की पेटी नादुरुस्त झाली, असा समज होतो. मग कोणी जाणता तरुण पेटी बाजूला सारून बॅटरीवरून थेट तार ओढतो. त्या रात्री दिवा लागतो खरा, पण अशा पाच-पंचवीस रात्रींत बॅटरी कायमची जाते. लाल दिवा म्हणजे आजची शिल्लक संपली, उद्याच्या उन्हाची वाट पाहा, असा निरोप आहे. ही एक गोष्ट गावातील प्रत्येक घराला समजली तरी कितीतरी बॅटऱ्या वाचतील.

जमाखर्चाचे गणित

शिक्षक बंधूंनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडावे. पॅनेल २०० वॉटचे आहे आणि दिवसाला साडेचार तास पूर्ण तेजाचे ऊन मिळते, असे धरू. गुणाकार ९०० वॉट-तास येतो. उष्णता, धूळ, तारा आणि खुद्द बॅटरी यांतील घटीपोटी सुमारे ३० टक्के वजा केले की हाती ६३० वॉट-तास उरतात. ही दिवसाची जमा.

आता खर्च पाहू. ७ वॉटचे पाच दिवे पाच तास लावले तर १७५ वॉट-तास होतात. २५ वॉटचा पंखा दहा तास चालवला तर २५०. दोन मोबाईलसाठी २० धरू. एकूण खर्च ४४५ वॉट-तास. जमा जास्त आणि खर्च कमी, म्हणून संच सुखाने चालतो. बॅटरी १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात १,२०० वॉट-तास मावतात. त्यांपैकी निम्मेच, म्हणजे ६००, वापरावेत. निम्म्याहून खाली वारंवार गेल्यास आयुष्य झपाट्याने घटते.

याच संचावर ६० वॉटचा दूरदर्शन संच रोज चार तास चालवला, तर २४० वॉट-तासांची भर पडून खर्च ६८५ होतो. रोज ५५ वॉट-तासांची तूट येते. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. दहा दिवसांत ही तूट ५५० वर जाते आणि बॅटरीतील वापरण्याजोगी शिल्लक जवळजवळ संपते. मग बॅटरी वाईट निघाली अशी तक्रार होते. प्रत्यक्षात तिला रोज थोडे थोडे उपाशी ठेवले गेलेले असते.

पावसाळ्यात जमा आणखी घटते. सलग झडीच्या दिवसांत ती एक तृतीयांश, म्हणजे २१० वॉट-तास, राहील असे धरून चालावे. तेव्हा तीन दिवे चार तास लावले तर ८४, पंखा चार तास चालवला तर १०० आणि मोबाईलसाठी २०, असा २०४ वॉट-तासांचा खर्च बसतो. आषाढ-श्रावणात हा संयम पाळणाऱ्या घराचा दिवा पुराच्या रात्रीही लागतो.

पाणी, ऊन आणि हवा

बॅटरी भरत असताना तिच्यातील थोडे पाणी वायुरूपाने उडून जाते. पट्ट्या उघड्या पडल्या तर तेवढा भाग वाळून निकामी होतो. म्हणून महिन्यातून एकदा, आणि मार्च ते जून या काळात दर पंधरवड्याला, पाण्याची पातळी पाहावी. पाणी टाकायचे ते ऊर्ध्वपातित, म्हणजे बाजारात डिस्टिल्ड वॉटर म्हणून मिळणारे. विहिरीचे, हातपंपाचे किंवा नळाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी चालत नाही. त्यात लोह, चुना, क्लोराईड असे क्षार असतात आणि ते पट्ट्यांना मारक ठरतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांचे भूजल तर क्षारांमुळेच परिचित आहे. उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून वरून आम्ल कधीही टाकू नये.

पाणी शक्यतो बॅटरी पूर्ण भरल्यावर टाकावे आणि वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये, नाहीतर भरताना आम्ल उतू जाते. पट्ट्या उघड्या दिसत असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढे पाणी टाकावे, बॅटरी भरू द्यावी आणि मग खुणेपर्यंत भर घालावी. पाणी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातून टाकावे, धातूच्या नव्हे. रस्ते बंद होण्यापूर्वी, मृगाच्या आधी, प्रत्येक वस्तीने चार महिन्यांना पुरेल एवढे पाणी कॅनमध्ये आणून ठेवावे. आपण धान्य आणि मीठ भरून ठेवतो, त्याच यादीत या पाण्याची नोंद असावी.

दुसरा शत्रू उष्णता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. साधारण अनुभव असा की, २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे शिशाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. पत्र्याच्या छपराखाली, चुलीच्या भिंतीला टेकून किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. मातीच्या भिंतींचे कौलारू घर या बाबतीत पत्र्याच्या घरापेक्षा सरस आहे. घरातील सर्वांत थंड, सावलीची आणि हवेशीर जागा बॅटरीला द्यावी. ती लाकडी फळीवर, जमिनीपासून थोडी उंच आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. फळीला वाळवी लागली आहे काय, हे मधूनमधून पाहावे.

हवेचा मुद्दा जिवाशी निगडित आहे. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद पेटीत कोंडू नये, पलंगाखाली ठेवू नये आणि तिच्याजवळ बिडी, काडी, कंदील किंवा चूल असू नये. पाणी किती आहे हे पाहण्यासाठी काडी पेटवून आत डोकावण्याची सवय तर अत्यंत घातक आहे. त्यासाठी हातातील विजेरी वापरावी.

पॅनेल आणि तारा

धूळ, धानाच्या मळणीचा भुसा, पक्ष्यांची विष्ठा आणि खाणीच्या परिसरातील कोळशाची काजळी यांनी पॅनेलची काच झाकली जाते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. राख, वाळू किंवा घासणी वापरू नये.

सावलीबद्दल अधिक दक्षता हवी. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यामुळे एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी वीज पुष्कळ कमी होते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार साधारण २० अंशांचा असावा, कारण आपण सुमारे १९ ते २० उत्तर अक्षांशावर आहोत. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरमध्ये मात्र तो दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेच्या झाडांच्या सावल्या लांबतात. पावसाळ्यात निर्वेध वाटलेली जागा हिवाळ्यात सावलीत जाते ती यामुळे. त्यासाठी मोहाचे किंवा आंब्याचे झाड तोडण्याचे कारण नाही. अडणारी फांदी छाटावी किंवा पॅनेल थोड्या उंच खांबावर न्यावे. पत्र्यावर बसवताना पॅनेलखाली हवा खेळेल एवढे अंतर सोडावे. पॅनेल तापले की वीज घटते. ते ६५ अंशांपर्यंत तापल्यास उत्पादन सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते.

वानरांच्या उड्यांनी तारा निसटतात, उंदीर त्या कुरतडतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. म्हणून बॅटरीच्या कोपऱ्यात हात घालण्यापूर्वी उजेड टाकून पाहावे. तारा नळीतून न्याव्यात. पॅनेलची चौकट आणि खांब जमिनीशी तारेने जोडलेले असावेत आणि कडकडाट चालू असताना संचाला हात लावू नये.

तारा जोडण्याचा क्रम ठरलेला आहे. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरीवरून तारा काढताना आधी ऋण टोक सोडावे. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे आणि तो जळाला तर त्या जागी तांब्याची जाड तार कधीही बसवू नये. पान्हा दोन टोकांवर एकदम टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून तो लाल होतो. कामापूर्वी अंगठी, कडे, बांगडी काढून ठेवावी.

टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर जमतो. झाकणे घट्ट लावून, खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने तो धुवावा, कोरडे करावे, तार घट्ट आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. आम्ल अंगावर उडाले तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि लगेच आरोग्य केंद्रात न्यावे.

आणखी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. रानडुकरांपासून धान वाचवण्यासाठी घरच्या इन्व्हर्टरची किंवा खांबावरची वीज कुंपणाच्या तारेत सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसांचे व वन्यप्राण्यांचे प्राण जातात. सौरकुंपणाचे यंत्र वेगळे असते. ते क्षणभराचे, मोजके झटके देते. एकाची जागा दुसऱ्याने घेता येत नाही.

घर बंद असताना

आपल्या भागातील अनेक कुटुंबे हिवाळ्याच्या शेवटी मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात आणि घर दीड-दोन महिने कुलूपबंद असते. जाताना पुष्कळजण सर्व तारा सोडून ठेवतात. शिशाची बॅटरी तशी पडून राहिली तर आपोआप उतरते, उष्णतेत अधिक वेगाने, आणि मग सल्फेटचा थर कठीण होतो. योग्य रीत अशी की, जाण्यापूर्वी पाणी खुणेपर्यंत भरावे, सर्व दिवे-पंखा बंद करावेत आणि पॅनेल, कंट्रोलर व बॅटरी जोडलेलीच ठेवावीत. शेजाऱ्याकडे पॅनेल पुसण्याचे आणि महिन्याने पाणी पाहण्याचे काम सोपवावे.

लिथियम बॅटरीविषयी

अलीकडील काही संचांत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येतात. त्यांत पाणी टाकावे लागत नाही, त्या हलक्या असतात आणि अधिक वर्षे टिकतात. मात्र त्या उघडू नयेत, ओल्या होऊ देऊ नयेत आणि कडक उन्हात ठेवू नयेत. आतील रक्षक मंडल बॅटरी बंद करत असेल तर ते तोडून थेट तार काढणे येथेही तितकेच घातक आहे. शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियम बसवायची असेल तर कंट्रोलर त्या प्रकारासाठी योग्य आहे काय, हे आधी पाहावे. दोन प्रकार एकत्र जोडू नयेत. फुगलेली बॅटरी वापरात ठेवू नये. ती घराबाहेर, वस्तीपासून दूर ठेवून जाणकाराला कळवावे.

शाळा आणि पंचायत यांचे काम

दिवा लागला नाही की बॅटरी गेली, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पुष्कळदा सैल तार, जळालेला फ्यूज किंवा निकामी दिवा हेच कारण असते. एक साधा मल्टिमीटर गावात असला तर दहा मिनिटांत उलगडा होतो. उन्हात पॅनेल कंट्रोलरपासून सोडवून त्याच्या दोन टोकांवर सुमारे १८ ते २२ व्होल्ट मिळाले तर पाटीत जोर आहे असे समजावे. काही तास विसावलेल्या शिशाच्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट आले तर ती भरलेली, १२.२ आले तर निम्मी आणि ११.९ च्या खाली आले तर फारच उतरलेली असते. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू नाहीत. शाळेतील सातवी-आठवीच्या मुलांना हे मोजमाप सहज शिकवता येते. विज्ञानाचा तास आणि गावाची सेवा यांचा असा मेळ क्वचितच जमतो.

ग्रामपंचायतीला माझ्या चार सूचना आहेत. पहिली, प्रत्येक संचाची एक नोंदवही ठेवावी. तीत संच बसवल्याची तारीख, बॅटरीचा क्रमांक, हमीची मुदत, पाणी टाकल्याच्या तारखा आणि तक्रारी लिहाव्यात. हमीच्या मुदतीत लेखी तक्रार केली तरच बदली बॅटरीचा हक्क सांगता येतो आणि तोंडी निरोपाला आधार राहत नाही.

दुसरी, प्रत्येक वस्तीत दोन व्यक्तींना प्रशिक्षण द्यावे आणि त्यांत किमान एक स्त्री असावी. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने फारसे शिक्षण न झालेल्या ग्रामीण स्त्रियांना सौरसंचांची जोडणी-दुरुस्ती शिकवून दाखवली आणि अनेक देशांतील स्त्रिया तेथे शिकून गेल्या. केंद्र शासनाचा सूर्यमित्र प्रशिक्षण कार्यक्रमही २०१५ पासून आहे. मिरची तोडणीला किंवा शहरात जाणाऱ्या तरुणापेक्षा गावातच राहणारी गृहिणी किंवा बचत गटाची सदस्य या कामाला अधिक योग्य, असे माझे मत आहे.

तिसरी सूचना बॅटरी निधीची. नवी बॅटरी १२,००० रुपयांना येते आणि ५ वर्षे टिकते असे धरले, तर घरटी महिना २०० रुपये बाजूला पडायला हवेत. रोख हाती नसते हे खरे. परंतु तेंदूपानांचा हंगाम आणि मोहफुलांची विक्री या काळात वर्षाची रक्कम एकदम जमा करणे अनेक घरांना शक्य आहे. बचत गटाच्या खात्यात हा निधी वेगळा ठेवावा आणि ग्रामसभेत त्याचा हिशेब वाचला जावा. पाचव्या वर्षी बॅटरी संपेल हे पहिल्या दिवसापासून माहीत असते. तेव्हा तिची तरतूदही पहिल्या दिवसापासूनच व्हावी.

चौथी, जुन्या बॅटऱ्यांची. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष बाधक ठरते. घरी बॅटरी फोडून शिसे काढणे, किंवा आम्ल नाल्यात ओतणे म्हणजे स्वतःच्या मासळीवर आणि पाण्यावर विष घालणे आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फेरीवाल्या भंगारवाल्याला एकेक बॅटरी देण्यापेक्षा गावाने त्या एकत्र करून अधिकृत विक्रेत्याकडे बदलीत द्याव्यात. आम्लासह, न फोडलेल्या बॅटरीला बदलीचे मोल मिळते आणि तेवढा भार निधीवरून उतरतो.

अधिकारी मित्रांसाठी एक मुद्दा. वनजमिनीवर सामुदायिक सौरसंच उभारता येत नाही, अशी समजूत आढळते. वनहक्क अधिनियम २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवण्याची तरतूद आहे. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत. त्या सोयींच्या यादीत विजेच्या तारांबरोबर अपारंपरिक ऊर्जेचाही स्पष्ट उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा काय करू शकते हे दाखवले आहे. दिव्याच्या बाबतीतही पुढाकार ग्रामसभेचाच असावा आणि आपण तिला नियमांची नीट माहिती द्यावी, एवढी अपेक्षा आहे.

मित्रहो, नवा संच बसतो त्या दिवशी छायाचित्रे निघतात, नोंद होते, आकडा वाढतो. पाचव्या वर्षी त्यांपैकी किती दिवे जळत आहेत, याची मोजदाद क्वचितच होते. माझी विनंती आहे की, येत्या मृगापूर्वी आपापल्या गावातील प्रत्येक सौरसंच एकदा पाहून घ्यावा. पाणी आहे काय, टोके स्वच्छ आहेत काय, थेट तार ओढलेली नाही ना, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे नोंदवहीत लिहावीत. एका घराला यासाठी पंधरा मिनिटे पुरतील. पावसाळा लागला की रस्ते आपल्या हातात राहत नाहीत. त्याआधीचे हे काम मात्र आपल्याला निश्चित करता येईल.